हेअर ट्रान्सप्लांट करू की नको? ३१ तारखेच्या आत सांगायचंय

नादखुळा_राजारामपुरी
मंडळी अर्जंट मदत हवी आहे. ट्रान्सप्लांट करायचं चाललंय, क्लिनिकवाल्यानं ८५ हजारांचं पॅकेज दिलंय, ३००० ग्राफ्ट (डोक्याच्या मागनं काढून पुढं लावायची केसांची रोपं) आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातनं बनवलेलं डोक्यात द्यायचं इंजेक्शन) फ्री. ऑफर ३१ जानेवारीपर्यंतच आहे म्हणून रोज फोन करालाय. घरात कुणाला सांगितलेलं नाही, सांगितलं तर आई घर डोक्यावर घेणार. ज्यांनी केलंय त्यांनी फक्त एवढं सांगा, करू की नको, दुखतंय का आणि किती दिवसांत केस येतात. लेक्चर नको प्लीज.

बुलेटवाला_शिरोली
भावा वय किती, केस कुठनं गेलेत, वडिलांना टक्कल आहे का आणि डोकं नक्की कुणी तपासलं? एवढं लिही मग बोलू.

नादखुळा_राजारामपुरी
वयाचा काय संबंध. समोरचे दोन्ही कोपरे गेलेत, टाळूवर जरा विरळ झालंय. तपासलं म्हणजे व्हॉट्सॅपवर फोटो पाठवलेले, त्यांची काउन्सेलर मॅडम आहे तिनं ग्राफ्ट सांगितले.

चकोट
सोड सगळं मर्दा. ट्रिमर घे, झीरो मार, दाढी वाढव. मी सत्ताविशीत चकोट केलं, ऑफिसातले दोन दिवस हसले, मग कोण बघतंय. तालमीत जाऊन बघ, निम्मे पैलवान चकोट असतात, त्यांना टकल्या म्हणून दाखव जरा.

नादखुळा_राजारामपुरी
लेक्चर नको म्हटलेलं.

गडहिंग्लजची_मावशी
बाळा आईपासून लपवून डोक्यावर सुया टोचून घेऊ नकोस. माका आणि जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात लोखंडी कढईत उकळायची, गाळून रात्री चोळायचं, आठवड्यातून एकदा कांद्याचा रस. माझ्या भाच्याचं गळणं थांबलं. आणि बोअरचं पाणी डोक्यावर घेऊ नको, निम्म्या कोल्हापूरचे केस त्या पाण्यानं गेलेत.

रात्रपाळीचा_डॉक्टर
मावशी, तेलाला हरकत नाही, केस मऊ राहतात. पण कोपरे मागं सरकणं आणि टाळू विरळ होणं हा आनुवंशिक प्रकार आहे. डीएचटी हार्मोनमुळं तिथली मुळं हळूहळू बारीक होत जातात, तेलानं ते थांबत नाही. जड पाण्यानं केस रुक्ष होऊन तुटतात, मुळं मरत नाहीत.
धागाकर्ता, वय सांगा. आणि गेल्या सहा महिन्यांत मोठा ताप, ऑपरेशन, एकदम वजन उतरणं, जिममध्ये कसली इंजेक्शनं, यातलं काही झालंय का?

हेल्मेटविरोधी
सगळ्याचं कारण हेल्मेट. सक्ती आल्यापासून माझ्या चार मित्रांचे गेले.

चकोट
मग तू हेल्मेट घालतोस का?

हेल्मेटविरोधी
नाही.

चकोट
आणि केस?

हेल्मेटविरोधी
तो वेगळा विषय आहे.

नादखुळा_राजारामपुरी
वय २२. पप्पांना तिशीतच चांद पडलेला, मामाचं पण तसंच. इंजेक्शन वगैरे काही नाही. ऑक्टोबरात डेंग्यू झालेला, ॲडमिट होतो, पण त्याचा इथं काय संबंध. डिसेंबरपासून आंघोळीला मूठभर केस निघालेत म्हणून तर घाई करालोय. आणि मे मध्ये ताईचं लग्न आहे, सगळे फोटो, व्हिडिओ, पाव्हणे, त्याच्या आत डोकं भरलेलं पाहिजे. आता तरी सांगा.

रात्रपाळीचा_डॉक्टर
संबंध आहे की. डेंग्यू, टायफॉईडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. तापाच्या धक्क्यानं बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग एकाच वेळी सुटतात. हे गळणं सहसा काही महिन्यांत आपोआप थांबतं आणि तेवढे केस परत येतात. म्हणजे तुमच्या डोक्यावर सध्या दोन गोष्टी एकत्र चालू असाव्यात, कोपऱ्यांचं जुनं आनुवंशिक आणि डेंग्यूचं तात्पुरतं. या घडीला किती केस कायमचे गेलेत हे समोर बसून तपासणाऱ्यालाही नक्की सांगणं अवघड, आणि त्या मॅडमनी व्हॉट्सॅपवर ३००० चा आकडा काढला.
आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. खासगी परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड या तपासण्या ते गरज बघून सांगतील.

बुलेटवाला_शिरोली
मे महिन्याचं मी सांगतो, कारण मी केलंय. चोविसाव्या वर्षी, पुण्यात, आता बत्तीस चालू आहे. फेब्रुवारीत केलंस तर पहिले आठ-दहा दिवस डोक्यावर खपल्या, मग दोन-चार आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात, मुळं आत राहतात. नवे उगवायला तीन-चार महिने लागतात तेही पिंजारलेल्या लवेसारखे, आणि खरा रिझल्ट वर्षभरानं. आजूबाजूचे आहेत तेही काही काळ झडू शकतात. म्हणजे ताईच्या लग्नात तू आत्तापेक्षा वाईट दिसशील. हे त्या मॅडमनं सांगितलं का?
दुखतंय म्हणशील तर भूल द्यायची सुई टोचतात तेवढंच, नंतर मी पालथा पडून झोपलेलो.
आता माझं डोकं. समोरची लाइन आजही झकास आहे, सर्जनचं काम चोख. पण लाइनीच्या मागचे माझे मूळचे केस जायचे थांबले नाहीत, तिशीपर्यंत समोर पट्टा आणि मागं मोकळं रान. मग दुसरं सेशन. आता मानेवरची बाजू एवढी पातळ झालीय की तिसऱ्याला डॉक्टरच नाही म्हणाले. उसाची लावण करतोस तेव्हा पुढं खोडवा तरी येतो, इथं मागनं एकदा काढलेला ग्राफ्ट तिथं परत उगवत नाही. बहुतेकांच्या मागच्या बाजूत जन्मभराचे मिळून साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, कुणाचे कमी. बाविशीत त्यातले तीन हजार कोपऱ्यांवर घालवलेस आणि पस्तिशीत पप्पांसारखी टाळू उघडी पडली तर तिथं काय लावणार?

जुना_वाचक
या तंत्राचा पाया फार रोचक आहे. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ मध्येच केसांच्या रोपणाविषयी लिहिलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मागचाच गुण राखतो, म्हणून तो टिकतो.

नादखुळा_राजारामपुरी
इतिहास कुणी विचारलाय राव.
बुलेटवाला भाऊ, मग काय करू, असंच बसू का. कॉलेजची पोरं आत्ताच काका म्हणालेत.

रात्रपाळीचा_डॉक्टर
आनुवंशिक प्रकार तपासून पक्का झाला तर आधी आहेत ते केस टिकवायचे. ५ टक्के मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर फिनास्टराईड १ मिलिग्रॅमची गोळी. मिनॉक्सिडिलनं पहिल्या काही आठवड्यांत गळणं वाढल्यासारखं वाटतं, तेव्हाच लोक घाबरून बंद करतात. फरक दिसायला चार-सहा महिने. बंद केलं की मिळवलेलं जातं. वर्षभर हे करून गळती स्थिर झाली की पंचविशीच्या पुढं ट्रान्सप्लांटचा विचार.

चकोट
डॉक्टर, त्या फिनास्टराईडनं पोरगं लग्नाच्या आधीच बाद होतं ते पण सांगा की. नेटवर ढिगानं लिहिलंय.

रात्रपाळीचा_डॉक्टर
सांगतो. कामेच्छा कमी होणं, ताठरतेची तक्रार हे शंभरात दोन-चार जणांत दिसलंय, बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर जातं. बंद केल्यावरही त्रास राहिला असं सांगणारेही आहेत, मन उदास होतं असंही काहींनी सांगितलंय, ते मी उडवून लावणार नाही. म्हणूनच मेडिकलमधून स्वतः आणून खायची नाही, डॉक्टरांशी बोलून घ्यायची. आणि मंडळाच्या शिबिरात रक्तदान करत असाल तर तिथं सांगा, गोळी बंद करून महिनाभर थांबावं लागतं, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

चकोट
म्हणजे जन्मभर गोळी खायची. ट्रिमर आठशेला येतो.

बुलेटवाला_शिरोली
चकोट तुझ्या डोक्याचा आकार बरा असेल, सगळ्यांचा नसतो. मी गोळी घेतोय, दोन पोरं आहेत. पोरगा बाविशीचा आहे, त्याला आवडतंय ते करू दे की, फक्त घाईत नको.

सोळंकूरचा_साहेबराव
माझे केस भरपूर आहेत पण पांढरे झालेत, अमोनिया नसलेला डाय कुठला चांगला?

पन्हाळा_रायडर
दादा वेगळा धागा काढा.
धागाकर्ता, पैशाचं बोलतो. ८५ हजारात जीएसटी धरलाय का विचार, ट्रान्सप्लांटवर १८ टक्के लागतो, विमा एक रुपया देत नाही. आणि भोकं पाडणार कोण, लावणार कोण? डॉक्टर येऊन लाइन आखून जातात आणि बाकी सगळं टेक्निशियन करतात असं चालतं बऱ्याच ठिकाणी. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे काम त्यातलं प्रशिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचं, वर्कशॉप किंवा व्हिडिओ बघून नाही. २०२५ मध्ये कानपूरला ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनिअर गेल्याची बातमी होती. घाबरवत नाही, डॉक्टरचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर तरी विचार.

नादखुळा_राजारामपुरी
विचारलं आत्ता. म्हणाली आमची टीम एक्सपर्ट आहे सर, नाव आल्यावर सांगू.

चकोट
झालं.

गडहिंग्लजची_मावशी
अरे पण ताईच्या लग्नात तुझ्या डोक्यावर फेटा असणार ना! नवऱ्या मुलाचा कान पिळायला उभा राहशील तेव्हा केस कुणाला दिसणार आहेत? फेटा चांगला बांधणारा बघ, मे मध्ये मुहूर्त भरपूर असतात, आत्ताच सांगून ठेव. तेल मात्र लाव.

नादखुळा_राजारामपुरी
मावशी हे डोक्यातच आलं नव्हतं.
बरं, सोमवारी सीपीआरला जातो. मिनॉक्सिडिल दिलं तर लावून हेल्मेट घालता येतं का, एमआयडीसीला रोज गाडीवर जातो. आणि घरी मांजर आहे, ते अंथरुणात येतं, चालतंय ना?

रात्रपाळीचा_डॉक्टर
पूर्ण वाळू द्या, मग हेल्मेट घाला. मांजराचं बरं विचारलंत, मिनॉक्सिडिल मांजराला विषारी असतं, थोडं चाटलं तरी जिवावर बेततं. उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, बाटली कपाटात, हात धुवा, आणि रात्री मांजर खोलीबाहेर. डॉक्टरांनाही मांजर आहे म्हणून सांगा.

नादखुळा_राजारामपुरी
ओके. अजून एक, पाच हजार बुकिंगचे परवाच भरलेत, ते परत देतात का?

चकोट
हे आत्ता सांगालाईस?

पन्हाळा_रायडर
फोनवर बोलू नको, व्हॉट्सॅपवर लिहून माग. डॉक्टरचं नाव सांगितलं नाही म्हणून रद्द करतोय असं स्पष्ट लिही. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि ऑफरचा मेसेज जपून ठेव. पावतीवर नॉन रिफंडेबल छापलंय म्हणून टोलवतील, तरी सोडू नको. आठ दिवसांत नाही दिले तर १९१५ ला फोन लाव, ग्राहक हेल्पलाइन आहे, तक्रार मराठीतही घेतात. पावती दिलीय ना?