टॅबसाठी नेट कुठलं घ्यावं? डोंगल, हॉटस्पॉट की सिमवाला टॅब (बडोदा) - लवकर सांगा

गाडीसर्व्हे_बडोदा
नमस्कार मंडळी, टॅबसाठी वायरलेस नेट घ्यायचंय आणि डोकं पिकलंय. सयाजीगंजात दुकानं फिरलो तर एक म्हणतो वायफाय डोंगल (सिम घालायची नेटची कांडी) घ्या, दुसरा म्हणतो पॉकेट हॉटस्पॉट (सिम घालून वायफाय सोडणारी खिशातली डबी), तिसरा सरळ फाइव्ह-जी टॅबच गळ्यात मारायला बघतो. स्पीड चांगला पाहिजे, बाकी काही नको. कंपनी कुठली तेही सांगा. सोमवारच्या आत घ्यायचंच आहे, त्यामुळे "आधीचे धागे वाचा" छाप उत्तरं नकोत. आगाऊ धन्यवाद.

मांडवीचा_दरवाजा
कुठला टॅब? सिमचा स्लॉट आहे का? कुठे वापरणार, महिन्याला किती जीबी, बजेट किती? हे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, गोळी द्या" म्हणण्यासारखं झालं.

करेलीबाग_वायफाय
एअरफायबर (टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं नेट) घ्या आणि मोकळे व्हा. आमच्याकडे गच्चीवर डबा बसवून गेले, खाली राऊटर, घरात चार मोबाईल, टीव्ही, मुलीचा टॅब सगळं एकदम चालतं. मी तर सगळ्यांना हेच सांगतो.

गाडीसर्व्हे_बडोदा
अहो घराचं कुणी विचारलंय? घरी फायबर आहेच. टॅब अँड्रॉइडचा आहे, सिम लागत नाही त्यात, नुसता वायफाय. बाहेर वापरायचाय.

मांडवीचा_दरवाजा
बाहेर म्हणजे? अलकापुरीत कॉफी पीत की पादऱ्याच्या शेतात? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

करेलीबाग_वायफाय
एअरफायबरचा डबा काढून दुसरीकडे नेता येतो असं ऐकलंय.

टॉवर_टेहळणी
काका, त्याला घरातली वीज लागते, बाहेरचा डबा टॉवरकडे तोंड करून घट्ट बसवावा लागतो, आणि कनेक्शन पत्त्यावर दिलेलं असतं. डिकीत घालून फिरायची वस्तू नाही ती.

फुकट_ते_पौष्टिक
स्टेशनवर जा ना. रेलवायरचं वायफाय, पहिला अर्धा तास फुकट. मी गाडीची वाट बघताना सगळे फॉर्म तिथेच भरतो.

जुना_फोटॉन
तुम्हा पोरांना काय माहीत, आम्ही टाटा फोटॉन प्लस वापरलेले लोक. ईव्हीडीओ (तेव्हाचं थ्री-जी), कागदावर ३.१ एमबीपीएस, आणि खिडकीच्या गजाला दोरीने डोंगल बांधला की निदान मेल तरी उघडायची. माझ्याकडे नोकिया ७७० पण होता, २००५ चं मॉडेल, त्याला इंटरनेट टॅबलेटच म्हणायचे, सिम नाही, ब्लूटूथने फोनला जोडून नेट घ्यायचं. म्हणजे तुमचा जो प्रश्न आहे तो आम्ही वीस वर्षांपूर्वी सोडवून बसलोय. त्यानंतर नोकियाने एन-८१० टॅबलेटची वायमॅक्सवाली (बिनतारी ब्रॉडबँडचं तेव्हाचं तंत्र) आवृत्ती पण काढली होती २००८ ला, तेव्हा सगळे म्हणायचे वायमॅक्स जग जिंकणार, आणि झालं काय, एलटीईने, म्हणजे फोर-जीने, त्याला गिळून टाकलं. आपल्याकडे २०१० मध्ये २३०० मेगाहर्ट्झचा लिलाव झाला ना, तो ब्रॉडबँड वायरलेस म्हणूनच, आणि तेच स्पेक्ट्रम पुढे जिओच्या फोर-जीला आलं.

मांडवीचा_दरवाजा
काका, सुंदर माहिती, पण बिचाऱ्याला सोमवारच्या आत टॅब चालवायचाय.

गाडीसर्व्हे_बडोदा
धन्यवाद, पण फॉर्म भरायचे नाहीत आणि स्टेशनवर जायचं नाही. नीट लिहितो. मी मोटर सर्व्हेयर आहे, ॲक्सिडेंटच्या गाड्या बघतो. मकरपुरा जीआयडीसीतली गॅरेजं, कधी सावली, हालोल, पादरा. टॅबवर फोटो आणि गाडीभोवती फिरून व्हिडिओ घ्यायचा आणि तिथल्या तिथे विमा कंपनीच्या ॲपमध्ये चढवायचा, घरी येऊन चढवलेला चालत नाही, वेळ आणि लोकेशन दोन्ही नोंदतात. सध्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करतो. मोबाईलवर स्पीड टेस्ट केली तर झकास आकडा येतो आणि ॲपमधलं गोल चाक फिरतच राहतं. गॅरेजवाला चहा पाजून पाजून कंटाळतो, त्याला गाडी खोलायची घाई. म्हणून वेगळं नेट हवंय. आता झालं समाधान?

टॉवर_टेहळणी
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर रेल्वे स्टेशनपर्यंत गेलोच नसतो. तुम्हाला डाऊनलोडशी काही देणंघेणंच नाही, तुमचं सगळं काम अपलोडवर आहे. स्पीड टेस्टमध्ये जो मोठा आकडा बघून खूश होता तो डाऊनलोडचा, त्याच्या शेजारचा छोटा आकडा सांगा.

हिशोब करा. २०० एमबीचा व्हिडिओ म्हणजे १६०० मेगाबिट. अपलोड २ एमबीपीएस असेल तर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर. १० असेल तर पावणेतीन मिनिटांच्या आत. डाऊनलोड ५० असो की ३००, तुमच्या व्हिडिओला घंटा फरक पडत नाही.

आता बँड, म्हणजे मोबाईलच्या लहरींचा पट्टा. फोर-जीचा बँड ४०, म्हणजे वर काका म्हणतात तो २३००, टीडीडी आहे. एकाच पट्ट्यावर आळीपाळीने खाली-वर वाहतूक, आणि जास्त वेळ खालच्या दिशेला दिलेला, त्यामुळे अपलोड मार खातो. बँड ३ आणि ५ मध्ये वर जायला वेगळी लेन असते. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, तो भिंतीतून पण बऱ्यापैकी आत शिरतो. फाइव्ह-जीत पण एन-७८ हा बँड टीडीडीच, पण पट्टा रुंद आहे, उघड्यावर उत्तम चालतो. आत शेडमध्ये त्याचा दम तुटतो.

मांडवीचा_दरवाजा
मुद्द्याचं विचारतो. गॅरेजला पत्र्याची शेड आहे का?

गाडीसर्व्हे_बडोदा
सगळ्यांनाच आहे. तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पुढे शटर. त्याचा काय संबंध?

मांडवीचा_दरवाजा
हाच तर संबंध! पत्र्यातून सिग्नल जात नाही हो. तुम्ही स्पीड टेस्ट कुठे केली, बाहेर रस्त्यावर ना?

गाडीसर्व्हे_बडोदा
बाहेर, गाडी लावतो तिथे.

दांडियाबाजार_टेक
मग सिमवाला टॅबच घ्या. स्वतःचं सिम, स्वतःचा अँटेना, मोबाईलची बॅटरी उतरायची भानगड नाही, आणि कॉल आला म्हणून काही अडत नाही. मी दोन वर्षं तोच वापरतोय. हॉटस्पॉट हा जुगाड आहे, कायमचा इलाज नाही.

टॉवर_टेहळणी
दांडियाबाजार, इथे उलटं आहे. सिमवाला टॅब घेऊन हे शेडच्या पोटात गाडीभोवती फिरणार, म्हणजे टॅबचा अँटेनाही पत्र्याच्या डब्यातच. वेगळ्या हॉटस्पॉटचा फायदाच हा की तो शटरपाशी, जिथे सिग्नल आहे तिथे ठेवता येतो, आणि टॅब आत न्यायचा. शटरपासून आतपर्यंतचं अंतर वायफाय आरामात काढतं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ वाला आडव्या-तिडव्या लोखंडात लवकर मरतो.

दांडियाबाजार_टेक
आणि हॉटस्पॉट शटरपाशी ठेवल्यावर तो कुणी उचलून नेला तर? मकरपुऱ्यात?

मांडवीचा_दरवाजा
स्वतःच्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, काच लावा, गाडी शटरसमोर उभी करा. चार्जिंग पण गाडीतूनच. काचेतून सिग्नल येतो, फक्त उन्हाळ्यात डॅशबोर्डवर नको, बॅटरी फुगते, सीटवर ठेवा.

स्वदेशी_सिम
बीएसएनएल कुणीच म्हणत नाही याचं आश्चर्य वाटतं. २७ सप्टेंबर २०२५ ला स्वदेशी फोर-जी देशभर सुरू झालं. ७०० मेगाहर्ट्झ, बँड २८, लांबवर जातो, सावलीकडे उपयोगाला येईल. रिचार्जही स्वस्त.

टॉवर_टेहळणी
येईल, पण हॉटस्पॉटला बँड २८ पाहिजे. जुनी स्वस्त मशीनं ३, ५, ४० वरच थांबतात, खोक्यावर बघून घ्या. आणि जिओफाय (जिओचा पॉकेट हॉटस्पॉट) घेणार असाल तर त्यात जिओचंच सिम चालतं, उद्या कंपनी बदलावीशी वाटली तर मशीन कपाटात. कुठलंही सिम चालेल असंच घ्या.

गाडीसर्व्हे_बडोदा
बरं, पण यूएसबी डोंगलचं काय? स्वस्त मिळतोय. टॅबला सी-पोर्ट आहे.

जुना_फोटॉन
फोटॉनसारखा डोंगल टॅबला लावलात तर दिवा लागेल आणि बाकी काही होणार नाही, बहुतेक अँड्रॉइड टॅबना तो मोडेम कळतच नाही. जो स्वतःच वायफाय सोडतो तो घ्या, पॉवर बँकेवर चालतो.

करेलीबाग_वायफाय
पण एअरफायबरचा अपलोड कितीये ते कुणी सांगेल का? माझ्याच कामाचं आहे.

टॉवर_टेहळणी
वेगळा धागा काढा काका.

सर्व्हेवाले, खर्च करायच्या आधी एक करा. फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसमध्ये सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) दिसतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर मस्त, उणे ११० च्या पलीकडे गेला की रडारड. शेडच्या आत, शटरपाशी आणि बाहेर, तिन्हीकडे बघा. मग मोबाईल शटरपाशी ठेवून टॅब आत न्या आणि एक व्हिडिओ चढवा. हॉटस्पॉट काही मिनिटं वापर नसला की स्वतः बंद होतो, ते सेटिंग आधी काढा, नाहीतर परत मलाच शिव्या द्याल. आणि ॲपमध्ये व्हिडिओची क्वालिटी कमी करायची सोय असेल तर ७२० पी करा, निम्मं काम तिथेच होतं.

दांडियाबाजार_टेक
७२० मध्ये बंपरवरचे ओरखडे दिसतील का? क्लेम रिजेक्ट झाला तर तुम्ही भरणार?

गाडीसर्व्हे_बडोदा
दिसतात, फोटो वेगळे देतोच. सकाळी मकरपुऱ्यातच एक केस होती, करून बघितलं. आत उणे ११६, शटरपाशी उणे ९३. मोबाईल शटरजवळ टूलबॉक्सवर ठेवला, व्हिडिओ चढला, चाक फिरलं नाही. फक्त मधेच बायकोचा फोन आला, तो गॅरेजवाल्याने उचलला आणि साहेब गाडीखाली आहेत म्हणून सांगितलं, त्यावरून घरी चौकशी चालू आहे. म्हणजे वेगळा हॉटस्पॉट घेणं आलंच. बँड ३, ५, २८, ४० असलेला आणि कुठलंही सिम चालणारा, बजेट तीन हजारापर्यंत. बडोद्यात कुठल्या दुकानात हातात घेऊन बघायला मिळेल? ऑनलाइन नको, सोमवार उद्यावर आलाय.