उणे नंबर, डोळ्यात चमका: पडद्याला चीर असेल का?

तासगाव_७
आईचं वय ५८, दोन्ही डोळ्यांना उणे ७ नंबर. परवापासून उजव्या डोळ्यात कडेला वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके तरंगतात. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तोच आहे. दुखत नाही, लालीही नाही, म्हणून ती म्हणते द्राक्षांची छाटणी उरकू दे, मग बघू. मिरजेला न्यायचं तर कोणती तपासणी करून घ्यायची? चीर निघाली तर लेझरवर भागतं का?

दृष्टिपटल
छाटणी राहू दे, आजच न्या. पडद्याला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थराला, वेदनेच्या नसाच नसतात, त्यामुळे तो फाटला तरी दुखत नाही. नंबर मोजताना फक्त मधली नजर बघतात आणि चीर बहुतेक कडेला असते. वयाबरोबर डोळ्यातला जेल आकसतो, पडद्यापासून सुटताना त्याला ओढतो. ती ओढ म्हणजेच चमका. उणे नंबराचा डोळा लांबट, कडेचा पडदा पातळ, म्हणून तिथे फाटायची भीती जास्त.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून अर्धाएक तास थांबवतात. मग डॉक्टर डोक्यावर दिवा लावून, हातात २० डायॉप्टरची लेन्स धरून पार कडेपर्यंत बघतात, पापणीवरून बोथट दांडीने हलकं दाबून. हे दाबणं टाळलं तर कडेची चीर निसटू शकते. काचबिंदू, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर थेंबांआधी सांगा. नंतर ४ ते ६ तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी हवं आणि गॉगलही.

कृष्णाकाठ
एक भर. 'ओसीटी नॉर्मल आली' यावर समाधान मानू नका. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा प्रकाशाने काढलेला स्कॅन, ती मुख्यतः मधला भाग दाखवते. आत रक्त उतरून पडदा दिसत नसेल तर बी-स्कॅन सोनोग्राफी लागते. जेलमध्ये तपकिरी कण दिसले तर चीर असण्याची शक्यता खूप वाढते. आज काही सापडलं नाही तरी ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा दाखवा, कारण काही चिरा उशिरा पडतात. त्याआधी ठिपके एकदम वाढले किंवा कडेने सावली आली तर त्याच दिवशी.

दृष्टिपटल
आता लेझर. चमका असताना घोड्याच्या नालेसारखी चीर सापडली तर शक्यतो २४ तासांत करतात. उपचार न केल्यास अशा चिरांपैकी निम्म्याच्या आसपास पुढे पडदा सुटतो: चिरेतून पाणी मागे शिरतं आणि भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा उचलला जातो. चमका नसताना सापडलेल्या बारीक गोल छिद्रांवर मात्र बऱ्याचदा नुसती नजर ठेवतात. प्रत्येक छिद्राला लेझर लागतोच असं नाही.

भूल थेंबांचीच, काम १०-१५ मिनिटांचं. चिरेभोवती ठिपक्यांच्या २-३ ओळी मारतात. डाग लगेच दिसतात, पण पक्की पकड यायला १०-१४ दिवस जातात. तोवर मोळ्या उचलणं, ट्रॅक्टरचे हिसके नकोत. लेझर फसतो तो बहुतेक चिरेच्या पुढच्या बाजूला ओळी अपुऱ्या राहिल्याने. तिथून पाणी निसटतं. म्हणून आठवड्याने परत तपासणी. आणि ठिपके लेझरने जात नाहीत, हे आईला आधीच सांगा.

तासगाव_७
आभारी आहे, आज दुपारीच निघतो. पडदा सुटलाच असेल तर वायू भरतात असं ऐकलं, ते काय?

अजिंक्यतारा
तेव्हा ऑपरेशन. बाहेरून पट्टा बसवतात किंवा जेल काढून वायू वा सिलिकॉन तेल भरतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड साधारण २ आठवडे राहतो, परफ्लुरोप्रोपेन ६ ते ८. मान कशी ठेवायची ते चीर कुठे आहे यावर ठरतं. विमानप्रवास बंद, आणि आपल्याकडे हमखास विसरलं जातं ते म्हणजे घाट. पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला गेलात की हवेचा दाब उतरतो, वायू फुगतो, डोळ्याचा दाब वाढून नजर जाऊ शकते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात वायू आहे हे भूलतज्ज्ञांना सांगा. भुलीत वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.