टाचण एआयनं लिहिलं, चूक आठवीतल्या पोरीनं काढली

पूर्वभागातली_बाई:
बी.एड. दुसरं वर्ष, इंटर्नशिप चालू आहे. आठवीला १९३० च्या सोलापूर सत्याग्रहावर पाठ होता. रात्री बारा वाजता चॅटजीपीटीकडून टाचण काढून घेतलं. उद्दिष्टं, प्रस्तावना, फलकलेखन, सगळं झकास. मराठी तर माझ्यापेक्षा शुद्ध! वर्गात जोशात सांगितलं, "चौघांना सोलापुरातच फाशी दिली." मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "येरवड्याला दिली की ओ मॅडम, १२ जानेवारी १९३१ ला." वर धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन ही चारही नावं एका दमात. या चौघांच्या पुतळ्यांवरनं रोज शाळेला येते म्हणे. मी खडू शोधत बसले.

नोकरी जाईल ही भीती नाही, ती आहेच कुठे अजून! पण वाचताना मला काहीच खटकलं नाही, याची धास्ती बसलीय. आमच्या आयसीटीच्या (माहिती तंत्रज्ञानाच्या) तासाला स्लाइड बनवायला शिकवलं. आलेलं उत्तर तपासायचं कसं, ते नाही. तुम्हाला एआय वापरायची तयारी झाल्यासारखी वाटते का?

झेडपी_गुरुजी_माढा:
ताई, पुस्तक उघडलं होतं का? धडा त्यातच आहे की. आमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकातल्या त्यांच्या क्यूआर कोडचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण कोड स्कॅन केल्यावर पोराला काय दिसावं, हे गुरुजीच ठरवत होते. आधी चार ओळी हातानं लिही, मग एआयला विचार.

डीएलएड_वाली:
मला उलट उपयोग झाला. पहिलीत निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी, मला एक शब्द येत नाही. एआयकडून वीस शब्द काढले, शेजारच्या अक्कांना ऐकवले. तीन शब्दांना त्या हसल्या, "असं कोण बोलतंय इकडं?" सतरा चालले.

पूर्वभागातली_बाई:
नव्हतं उघडलं गुरुजी, खरं सांगते. अक्कांची युक्ती आवडली. बुधवारी तेच टाचण वर्गात वाटणार आहे, पोरांनी पुस्तकाशी ताडून चुका काढायच्या. मोबाइलला बंदी, म्हणून ४० झेरॉक्स. पैसे माझेच. त्या पोरीला पेन्सिल नाही, लाल पेन देणार.