बक्षीसपत्र झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही

गिरगावातल्या एका आजींनी फ्लॅट बक्षीसपत्राने (म्हणजे पैसे न घेता, दस्त करून) मुलाला दिला आणि आता त्यांचा नीट सांभाळ होत नाही अशी शंका आहे. 'आता काही होणार नाही', असं कृपया त्यांना सांगू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे: सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ होत नसेल तर, याच कायद्याखालचं न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. घोडं अडतं ते अटीपाशी; ती दस्तातच लिहिलेली असली तर उत्तम.

पण आधी आजींशी एकट्यात बोला. घरचे दारात उभे असताना त्या 'बरं चाललंय' एवढंच म्हणणार. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, महिना उलटूनही तशीच राहिलेली बीपीच्या गोळ्यांची पट्टी, पासबुक कुणाच्या ताब्यात, हे बघा. मारहाण होत असेल तर थेट ११२, सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७.