मदत हवी आहे: कॅथेटर असूनही लघवी बाजूने गळते, कल्चरही पॉझिटिव्ह

मृण्मयी
रुग्ण पुरुष, वय 74. प्रोस्टेट वाढल्याने लघवी तुंबली होती, म्हणून फोलीज कॅथेटर (मूत्राशयात ठेवायची नळी, टोकाशी पाण्याने फुगवलेल्या फुग्याने आत अडकून राहते) घातलाय. 16 फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं माप), लॅटेक्सचा, फुगा 10 मिली. तीन आठवडे होत आले. आता नळीच्या कडेने लघवी गळून कपडे ओले होतात. बॅगेत पांढरट गाळ दिसतो, वासही उग्र आहे. ताप नाही, पोटात दुखत नाही, जेवणखाण नीट. कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) प्रोटियस नावाचा जंतू आलाय (सँपल बॅगेतूनच घेतलं होतं). अँटिबायोटिक सुरू करावं लागेल का? जाड नळी घातली तर गळती थांबेल का? आणि रोज घरी सलाइनने ब्लॅडर वॉश (नळीतून मूत्राशय धुणं) द्यावा असं एकांनी सुचवलंय, तो द्यावा का?

गोपाळकाला
आधी कल्चरचं बघू. बॅगेत तासन्‌तास साचलेल्या लघवीत जंतू वाढणारच, त्या रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय नळी आत असली की दर दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात आणि महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्याच येतात. जंतू सापडणं वेगळं, इन्फेक्शन होणं वेगळं. ताप, थंडी वाजणं, कमरेच्या वर बाजूला दुखणं, अचानक गोंधळल्यासारखं वागणं यातलं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टसाठी, गाळासाठी किंवा वासासाठी अँटिबायोटिक देत नाहीत. दिलं तर जंतू तात्पुरते कमी होतात, मग परत येतात ते त्या औषधाला न जुमानणारे.

लक्षणं दिसली आणि कल्चर खरंच लागलं, तर दोन आठवड्यांहून जुनी नळी आधी बदलून घ्या आणि नव्या नळीतून सँपल द्या. जुन्या नळीच्या आत जंतूंचा चिकट थर बसलेला असतो, सँपलमध्ये तोच उतरतो.

सिस्टर_आक्का
गळतीचं उत्तर जाड नळी नाही. 16 फ्रेंच म्हणजे बाहेरून सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास, लघवी वाहायला तेवढी पुरते. नळी जाड किंवा फुगा मोठा (30 मिलीचा) घातला की मूत्राशयाच्या तळाला जास्त टोचतं, मूत्राशय आवळतं आणि लघवी आणखी जोरात कडेने बाहेर येते.

मी या क्रमाने तपासेन: बॅगेत लघवी येतेय ना? नळीला पीळ पडलाय का, मांडीखाली दबलीय का? बॅगेच्या नळीचा पलंगाखाली झोळ झालाय का? हा झोळ हमखास नजरेतून सुटतो. त्यात लघवी साचून राहते आणि वरून येणारी अडते. नळी उतारावर सरळ सोडा, जास्तीची लांबी गादीवर गोल करून ठेवा. मग विचारा, शौचाला कधी झालं? आतडं गच्च भरलेलं असेल तर मूत्राशयावर आणि नळीवर दाब येतो. एवढं बघूनही गळत असेल तर उरतं नळी आतून बुजणं किंवा मूत्राशय आवळणं. आवळण्यासाठी गोळ्या मिळतात, पण काहींनी बद्धकोष्ठ वाढतो, वृद्धांना गोंधळल्यासारखं होतं. त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

गोपाळकाला
तुमच्या केसमध्ये मला बुजण्याचा संशय जास्त आहे. प्रोटियस लघवीतलं युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यात विरघळलेले क्षार नळीच्या तोंडाशी खड्यासारखे बसतात. पांढरट गाळ बहुधा तोच. नळी काढल्यावर टोक बोटांत चोळून बघायला सांगा. खरखरीत लागलं आणि भोकं बुजलेली दिसली, तर पुढची नळी ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याआधी बदलायची. पूर्ण सिलिकॉनची नळी मागा. तिचं आतलं भोक त्याच जाडीच्या लॅटेक्सपेक्षा मोठं असतं. लॅटेक्सची साधारण 2 ते 4 आठवडे, सिलिकॉनची जास्तीत जास्त 12 आठवडे, अर्थात बुजली नाही तर.

वेताळटेकडी
ब्लॅडर वॉशबद्दल माझं मत. रक्ताच्या गाठी असतील तर तो लागतोच.

सिस्टर_आक्का
गाठींसाठी लागतो, बरोबर, पण तो दवाखान्यात. इन्फेक्शन टाळायला रोज घरी नको. प्रत्येक वॉशला नळी आणि बॅग यांचा जोड उघडतो आणि जंतूंना आत जायला दार मिळतं. रात्रीची मोठी बॅग लावायची तर पायाच्या (दिवसा पायाला बांधायच्या छोट्या) बॅगेच्या खालच्या तोटीला जोडा, वरच्या जोडाला हातच लावू नका.

मृण्मयी
बॅग मूत्राशयाच्या खालीच असते. रोजच्या स्वच्छतेत आणखी काय बघू? डेटॉलने पुसतेय.

सिस्टर_आक्का
डेटॉल बंद करा, त्वचा चरचरते आणि फायदा नाही. दिवसातून एकदा आणि शौचानंतर साबण-पाणी पुरे. पुढची त्वचा मागे घेऊन धुवा आणि न विसरता पुन्हा पुढे आणा. मागेच राहिली तर सुजून अडकते. पुसताना शरीराकडून नळीच्या दिशेने. नळी मांडीला पट्टीने अडकवा, थोडी सैल. हिसका बसला तर लघवीच्या मार्गाला जखम होते. बॅग दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा, तोटी भांड्याला टेकू देऊ नका, बॅग जमिनीवर ठेवू नका, आधी आणि नंतर हात धुवा. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, हृदयासाठी किंवा किडनीसाठी बंधन नसेल तर.

वेताळटेकडी
बॅग जांभळी झाली तर घाबरू नका. बद्धकोष्ठ, अल्कधर्मी लघवी आणि काही जंतू एकत्र आले की निळा आणि लाल रंग तयार होऊन प्लॅस्टिकला धरतो. दिसायला भयंकर, उपाय बहुतेकदा पोट साफ ठेवणं आणि नळी-बॅग बदलणं.

गोपाळकाला
सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. बॅगेत काहीच येत नाही, कडेने गळतंय आणि ओटीपोट टणक लागतंय, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, हुडहुडी, लघवीत गाठींसह रक्त, नळी निसटणं, यांतही तसंच. घरी नळी ओढायची नाही आणि कापायची तर मुळीच नाही. फुगा आत फुगलेलाच राहू शकतो. फुगा सिरिंजने रिकामा करूनच नळी निघते. तिथेही सिरिंज जोरात ओढली तर फुग्याची बारीक वाट चिकटते, पाणी आपोआप सिरिंजमध्ये येऊ द्यावं लागतं.

मृण्मयी
झोळ होताच, सरळ केलाय. गळती कमी झाली पण थांबली नाही. उद्या नळी बदलायला नेतेय, सिलिकॉनची मागेन आणि टोक बघून इथे कळवते.