वाक्यसुधारणेत 'नो इम्प्रूव्हमेंट' कधी निवडायचं?

खानापूरकर: एसएससी सीजीएलच्या (केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीची पदवी-स्तरावरची परीक्षा) इंग्रजीत अधोरेखित भाग सुधारायचे प्रश्न असतात. एक पर्याय 'नो इम्प्रूव्हमेंट', म्हणजे वाक्य आहे तसंच बरोबर. चारही पर्याय बरोबरच वाटतात. शिक्षण मराठी माध्यमातून. सुरुवात कुठून करावी?

निपाणीचा मास्तर: पर्याय झाका. आधी क्रियापद, मग त्याचा कर्ता, मग काळ दाखवणारा शब्द शोधा. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' कानाला खटकत नाही, कारण आपलं 'पासून' सोमवारलाही चालतं नि दोन वर्षांनाही. (कन्नडचा 'इंद'ही तसाच, त्यामुळे बेळगावात दुहेरी घोळ.) इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'. म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. इथे नुसतं 'सिन्स'च्या जागी 'फॉर' घातलेला पर्याय हमखास असतो. 'ॲम लिव्हिंग' तसंच राहतं नि मार्क जातो.

शहापूर गल्ली: निवडलेला पर्याय वाक्यात बसवून पूर्ण वाचा. 'नो सूनर'नंतर 'दॅन'च, 'व्हेन' नाही. अधोरेखित भागाबाहेरचा शब्द बघितलाच नाही तर ही चूक नजरेतून सुटते. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको.

खानापूरकर: आणि 'नो इम्प्रूव्हमेंट'?

निपाणीचा मास्तर: चूक नेमकी कुठली ते सांगता येत नसेल तर तेच. नुसतं 'वेगळं छान वाटतं' हे कारण नव्हे. टियर १ मध्ये (परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात) बरोबरला २ गुण, चुकीला ०.५० वजा, दोन पर्याय खात्रीने बाद झाले की अंदाज लावायला हरकत नाही.