मदत हवी आहे : काळ्या जमिनीच्या गावात सेप्टिक टाकीमिश्रित सांडपाण्यासाठी काय करावे?

नमस्कार. मराठवाड्यातील सुमारे 2,300 वस्तीच्या एका गावच्या ग्रामपंचायतीचा मी सदस्य आहे. घरोघरी नळ आल्यापासून गटारे बाराही महिने वाहतात आणि ते पाणी गावाखालच्या ओढ्यात उतरते, ज्याच्या काठावर शेतकऱ्यांच्या विहिरी आहेत. माणशी 55 लिटर पुरवठा आणि त्यातील 70 टक्के पाणी बाहेर पडते असे धरले, तर रोज साधारण 88 हजार लिटर सांडपाण्याची सोय करावी लागेल.

नांदेड जिल्ह्यातील शोषखड्ड्यांचे यश पाहून आम्हीही घरोघरी खड्डे घेतले. वरच्या आळीत मुरूम लगेच लागतो, तेथील खड्डे आजही उत्तम चालतात. खालच्या आळीत मात्र चिकण काळी माती खोलवर असून ती ओली झाली की फुगते आणि पाणी झिरपणे जवळजवळ थांबते. त्यात भांडी घासायची राख व खरकटे अडवायला मोरीजवळ जाळीचे चेंबरच नव्हते, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात तेथील खड्डे तुंबले.

खरी अडचण याहून वेगळी आहे. खालच्या आळीतील बहुतेक शौचालयांना सेप्टिक टाक्या असून त्यांचे वरचे पाणी थेट गटारात सोडलेले आहे. आम्हाला दाखवण्यात आलेले नमुना आराखडे केवळ अंघोळ, धुणे व भांड्यांच्या पाण्यासाठी आहेत. आमच्या गटारातील पाणी, कागदावर काहीही लिहिले तरी, तसे नाही.

गटाराच्या तोंडाशी गायरानातील सहा गुंठे जागा मिळू शकते. स्थिरीकरण तळ्यात (ज्यात सांडपाणी काही दिवस साठवून ऊन-वाऱ्याने आपोआप शुद्ध होऊ देतात) पाणी दहा दिवस ठेवायचे आणि खोली 1.2 मीटर धरायची, तर बांध सोडूनच सव्वासात गुंठे लागतात. दुसरा पर्याय नीरीच्या (नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) फायटोरिड पद्धतीचा, म्हणजे आधी गाळ बसवणारी टाकी आणि पुढे खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती. चार गुंठ्यांत 60 सेंटिमीटर खडी भरून पोकळी 40 टक्के धरली, तर त्यात पाणी एका दिवसाहून थोडेच अधिक थांबते. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातील दरडोई 280 रुपयांच्या निकषाने आमच्या वाट्याला 6 लाख 44 हजार रुपये येतात, आणि त्यातील 30 टक्के भार पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीवर आहे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. सेप्टिक टाकीचे पाणी मिसळलेले असताना खडीच्या वाफ्यातील एवढा मुक्काम पुरतो का, की त्यापुढे लहानसे उथळ तळे असल्याशिवाय रोगजंतू पुरेसे कमी होत नाहीत? की आधी प्रत्येक सेप्टिक टाकीचा निचराच गटारातून तोडावा, आणि तसे केल्यास काळ्या मातीत तो जिरवायचा कोठे? पावसाळ्यात गटाराला लोंढा येतो तेव्हा जादा पाणी वाफ्याला वळसा घालून सोडण्याची व्यवस्था कोणी केली आहे का? बाहेर पडणाऱ्या पाण्यावर जनावरांच्या चाऱ्यासाठी नेपियर गवत घ्यावे असा ग्रामसभेत आग्रह आहे. भाजीपाल्याला माझा विरोध आहे आणि तो कायम राहील.

ज्यांच्या गावी असा वाफा तीन-चार वर्षे चालू आहे, त्यांनी खडी किती काळाने काढून धुवावी लागली, गाळ कोण उपसतो आणि त्याची मजुरी कोणत्या निधीतून दिली जाते, हे अवश्य लिहावे. अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसाठी पाठवण्यापूर्वी त्यात बदल करणे अजून शक्य आहे.